दहावीचा निकाल आणि हातची विद्या



दहावीचा निकाल लागला की आपल्या भागात घरोघरी पेढे वाटले जातात. वाटावेतच. २०१२ साली कोकण विभागाचे स्वतंत्र परीक्षा मंडळ झाले, तेव्हापासून दहावीच्या निकालात कोकण राज्यात पहिले येत आले आहे. २०२५ साली राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला आणि कोकणचा ९८.८२ टक्के. घाटावरचे आमचे सहकारी चेष्टेने म्हणतात, "तुमच्याकडे नापास व्हायलाच जास्त हुशारी लागते." चेष्टा असली तरी ऐकून बरे वाटते.

पेढा खाऊन झाला की मात्र दुसरे बोलणे सुरू होते. "साहेब, झील पास झालो, पन आता पुढे काय करूचा ता कळणा नाय." ऊस नोंदीच्या निमित्ताने गावोगाव फिरताना हे वाक्य आम्हांला किती वेळा ऐकावे लागते याची गणती नाही. नोंद, बेणे, खताची उचल हे बोलणे दहा मिनिटांत आटोपते. पोराच्या भवितव्याचे बोलणे अर्धा तास चालते. शेतकी खात्याच्या माणसाने शिक्षणावर कशाला लिहावे, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर एवढेच की आमच्याकडे हा प्रश्न सभासदच घेऊन येतात. शिवाय आज शाळेत असलेली पोरे उद्या रानात, बागेत, बोटीवर किंवा कारखान्यात नसतील, तर आमच्या खात्याला तरी काय काम उरणार आहे?

कामे इथे, पोरे तिथे

जरा आजूबाजूला पाहा. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत आंब्याच्या बागांत राखण, फवारणी, झाडाखालची मशागत कोण करते? बहुतेक ठिकाणी नेपाळहून आलेली माणसे. मालवणच्या बंदरात ट्रॉलरवर खलाशी म्हणून कोण चढते? त्यांतही नेपाळचे, कर्नाटकाचे, उत्तर प्रदेशाचे लोक आढळतील. वैभववाडी-कणकवली भागातला ऊस घाट चढून वर गाळपाला जातो, पण तो तोडायला टोळी बाहेरून येईपर्यंत शेतकरी वाट पाहत बसतो. माडावर चढून नारळ पाडणारा माणूस चार-चार दिवस मिळत नाही. पंप जळला तर दुरुस्तीला तालुक्याच्या गावी न्यावा लागतो.

आणि आपली पास झालेली पोरे? ती मुंबईच्या गाडीत बसतात. पूर्वी गिरणी होती, गोदी होती. चाकरमान्याची मनीऑर्डर गावी येत होती आणि त्यावर घरे चालत होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, पण मुंबईला जायची सवय मोडली नाही. आता बरीचशी पोरे दिवा-नालासोपाऱ्याच्या खोलीत दाटीवाटीने राहतात आणि कुठेतरी पहारेकरी, कुठेतरी पार्सल पोचवणारे म्हणून बारा-बारा तास राबतात. त्या कामाला आम्ही हलके म्हणत नाही. कष्टाचा पैसा कुठलाही हलका नसतो. पण इथे काम पडून आहे, तिथे माणूस पडेल ते काम करतो आहे, आणि दोहोंच्या मध्ये दहा वर्षांचे शालेय शिक्षण झालेले आहे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

कोणी म्हणेल, बाहेरचा माणूस कमी मजुरीत राबतो म्हणून ही कामे त्याच्याकडे गेली. त्यात तथ्य आहे. पण तेवढेच खरे नाही. काजूचे कलम बांधणारा, बोटीचे इंजिन खोलणारा, ठिबकचा संच बसवणारा चांगला कारागीर आज आपल्याकडे मागेल ती मजुरी घेतो आणि तरीही मिळत नाही. म्हणजे निव्वळ अंगमेहनतीच्या कामाचा भाव पडलेला आहे. जाणकारीच्या कामाचा पडलेला नाही. आमची पोरे अंगमेहनतीला तयार नाहीत आणि जाणकारी त्यांना कोणी दिली नाही. दोष पोरांचा किती आणि आपला किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

हा विचार आपल्याला नवा नाही

शिक्षणाला कामाची जोड द्यावी, हे कोणी परदेशातून आणलेले नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमची कल्पना मांडली, ती हीच. त्याआधी १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे "कमवा आणि शिका" हे बहुजनांच्या पोरांना दाखवून दिले. आपल्या कणकवलीजवळ वागद्याला अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली गोपुरी आश्रम उभा केला. पदवी घेतलेला हा माणूस मेलेली जनावरे सोलण्यापासून संडास बांधण्यापर्यंतची कामे स्वतःच्या हाताने करीत असे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचे काम मागितले आणि ते नाकारले गेले, तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण आरंभले होते. हाताच्या कामाची लाज बाळगू नये, हे शिकवायला आपल्याला लांब जायला नको, कणकवलीच्या एस. टी. स्टँडवर उतरले तरी पुरे.

पुढे १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोग बसला. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातले. घर, शेत, कारखाना, कार्यशाळा जिथे असेल तिथे प्रत्यक्ष उत्पादक कामात विद्यार्थ्याने भाग घ्यावा आणि हा सर्व शिक्षणाचा भाग असावा, अशी शिफारस त्या आयोगाने केली. त्यातून शाळेत "कार्यानुभव" हा विषय आला.

त्या कार्यानुभवाचे काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. कागदाची फुले, खडू, काडेपेट्यांची घरे. तासाला बनवायची, प्रदर्शनात मांडायची आणि वर्षअखेर माळ्यावर टाकायची. वस्तू कोणाला नको होती. ती चांगली झाली काय आणि बिघडली काय, कोणाचे काही अडत नव्हते. शिकवणाऱ्या गुरुजींना ते काम येत नव्हते आणि ज्याला येत होते त्या सुताराला, गवंड्याला शाळेच्या दारात उभे करण्याची पद्धत नव्हती. परीक्षेत त्याला वजन नव्हते. अशा स्थितीत चांगल्यातली चांगली कल्पनाही कागदाच्या फुलासारखीच सुकणार.

पाबळला काय केले

या बाबतीत महाराष्ट्रात एकाने जिद्दीने वेगळी वाट पाडली, ती सभासदांना माहीत असावी असे वाटते. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानात अमेरिकेतून डॉक्टरेट करून आलेले शास्त्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या हुद्द्यावर होते. ती नोकरी सोडून १९८३ साली त्यांनी पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पाबळ या दुष्काळी गावी "विज्ञान आश्रम" सुरू केला. २००३ साली ते वारले. काम मात्र चालू राहिले.

त्यांचे म्हणणे साधे होते. माणसाचे मूल हात चालवता चालवता शिकते. चालायला, बोलायला, पोहायला कोणी फळ्यावर शिकवीत नाही. मग शाळेत आल्यावर ही नैसर्गिक रीत बंद का करायची? त्यांनी आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम बसवला. त्याचे चार भाग: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. आठवड्यातला एक दिवस या कामाचा. वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, पंपाची देखभाल, रोपवाटिका, जनावराचे वजन आणि खुराक यांचा हिशेब, रक्तगट व हिमोग्लोबिन तपासणे, पदार्थ टिकवणे असे नाना प्रकार. मुलगा असो की मुलगी, चारही भाग सर्वांनी करायचे. पुढे राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने तो विषय म्हणून मान्य केला.

यातली खरी गोम पुढेच आहे. मुलांनी जे करायचे ते गावाला हवे असले पाहिजे आणि गावाने त्याचे दाम मोजले पाहिजेत. शाळेचे फाटक, ग्रामपंचायतीची बाके, शेतकऱ्याच्या गोठ्याचे वायरिंग, माती-पाणी तपासणी. दाम मोजणारा माणूस काम तपासून घेतो. फाटक लागत नसेल तर तो ते परत पाठवतो. त्या परत आलेल्या फाटकापाशी मुले जे शिकतात ते पन्नास तास व्याख्यान देऊन शिकवता येत नाही. दुसरे असे की शिकवायला गावातला किंवा आसपासचा हुन्नरी माणूस घ्यायचा, त्याच्याजवळ बी. एड्. नसले तरी चालेल, हातात कला पाहिजे.

आपल्या जिल्ह्यातही हा नमुना आला आहे. कुडाळ तालुक्यातील झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठान, जी संस्था आपल्यापैकी पुष्कळांना गोबरगॅसच्या कामामुळे परिचित आहे, तिने जिल्ह्यातील काही माध्यमिक शाळांत हा अभ्यासक्रम पोहोचवला. तेव्हा "ते पाबळला जमले, आपल्याकडे कुठले जमणार" ही सबब आता चालणार नाही.

सरकारनेही आता तोंडाने हो म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिले आहे की सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना शाळा भरावी आणि मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली शिकावे. त्याच धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेचा आकडा दिला आहे: १९ ते २४ वयोगटातील भारतीय कामगारांपैकी रीतसर व्यवसायशिक्षण मिळालेले पाच टक्क्यांहूनही कमी, अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६ टक्के. जर्मनीत शिकाऊ मुलगा आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस शाळेत असतो. त्याच्याशी लेखी करार होतो, त्याला विद्यावेतन मिळते आणि शेवटी त्याची परीक्षा घेण्यात उद्योजकांच्या मंडळाचा हात असतो. म्हणजे तिथे शिक्षण ही एकट्या शाळेची जबाबदारी मानलेली नाही. ज्याला उद्या माणूस हवा आहे, तो आज शिकवण्यात भागीदार होतो. आमच्या मते हाच मुद्दा आपल्या सहकारी कारखान्याने उचलावा.

दहावीचे पुस्तक आणि उसाचा सरा

काही पालकांना भीती वाटते की असल्या कामात मुलांचा अभ्यास बुडेल. आम्ही स्वतः कृषी पदविकावाले. दहावीनंतर दोन वर्षांचा मराठीतून शिकवलेला अभ्यासक्रम आणि त्यातला मोठा भाग शेतावर. त्या अनुभवाने सांगतो की रानात जे गणित कळते ते विसरत नाही. उदाहरण घ्या.

एकराचे ४३,५६० चौरस फूट. पाच फुटी सरी आणि दोन रोपांत दोन फूट अंतर धरले तर एका रोपाच्या वाट्याला दहा चौरस फूट, म्हणजे एकरी ४,३५६ रोपे. एक डोळा टिपरीची उगवण ८५ टक्के धरली तर ४,३५६ रोपे हाती यायला ट्रेमध्ये किती डोळे लावावे लागतील? उत्तर ५,१२५. हे गणित नववीच्या मुलाला फळ्यावर घातले तर तो कंटाळतो. त्यानेच ट्रे भरले असतील, महिनाभर पाणी घातले असेल आणि शेतकरी रोपे न्यायला दारात उभा असेल, तर हेच गणित तो रात्री झोपेतही करील. कारण ४०० रोपे कमी पडली तर तोंड त्याला द्यायचे आहे.

दहावीच्या विज्ञानात प्रकाशाच्या अपवर्तनाचा धडा आहे. ऊस पक्व झाला की नाही हे पाहायला आमचे कर्मचारी जे ब्रिक्स मीटर वापरतात, त्याचे तत्त्व तेच. रसाचा थेंब काचेवर ठेवायचा, उजेडाकडे धरायचे आणि आकडा वाचायचा. बुडख्याचा आणि शेंड्याचा आकडा जितका जवळ येईल तितका ऊस तोडणीला आला. ज्या मुलीने दहा उसांचे असे आकडे घेऊन सरासरी काढली, तिला अपवर्तन म्हणजे काय हे पुन्हा सांगावे लागणार नाही. आम्लधर्मी जमिनीचा सामू, नमुना घेताना इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, मातीचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकत अर्धा किलो उरवण्याची रीत, हे सर्व शाळेच्या विज्ञानातच बसते. किनाऱ्यावरच्या शाळेला बोटीचे डिझेल इंजिन आहे, जाळे आहे, मासळी टिकवायचा बर्फ आहे. तारकर्लीला २०१५ साली पर्यटन विकास महामंडळाची पाणबुडीचे प्रशिक्षण देणारी संस्था निघाली. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशा काजूच्या जाती दिल्या, त्यांची कलमे बांधणे हा आज चांगला धंदा आहे. शिकवायला विषय कमी नाहीत.

तीन गोष्टींची खबरदारी

आमचे म्हणणे कोणी उलटे घेऊ नये म्हणून तीन गोष्टी स्पष्ट करतो.

पहिली. मुलांना राबवणे आणि मुलांना शिकवणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तोडणी टोळीबरोबर आलेली दहा-बारा वर्षांची पोरे मोळ्या बांधताना, धाकटे भावंड सांभाळताना आपण दरवर्षी पाहतो. त्यांच्या हातालाही कामाची सवय आहे. पण ते शिक्षण नव्हे, ती शाळा बुडणे आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला आणि अठरा वर्षांखालच्याला धोक्याच्या कामावर ठेवायला २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने बंदी आहे. ज्या कामातून मुलाला रोज काही नवे कळत नाही, ते काम शिक्षणाच्या नावाखाली कोणी त्याच्याकडून करून घेऊ लागला, तर त्याला पहिला विरोध आमचा राहील. शंभर ट्रे भरले म्हणजे शिकून झाले. हजारावा ट्रे ही मजुरी. आणि आमची पोरे रोपवाटिकेत हौसेने शिकत असताना टोळीची पोरे बांधावर बसून राहणार असतील, तर हा कार्यक्रम अपुरा आहे. हंगामापुरते त्यांचे नाव जवळच्या शाळेत लागते की नाही, हे पाहण्याचे कामही गट कार्यालयाने अंगावर घ्यावे.

दुसरी. हे शिक्षण "ढ" मुलांसाठी आहे, अशी समजूत जन्मालाच येऊ देऊ नये. वर्गातली पहिली पाच मुले पुस्तकाकडे आणि शेवटची पाच कार्यशाळेत, असे झाले की कार्यशाळा म्हणजे शिक्षा ठरते. त्यात आपल्याकडे आणखी एक धोका. सुताराच्या पोराने रंधा धरायचा, कोळ्याच्या पोराने जाळे विणायचे आणि मुलींनी शिवण-टिपण करायचे, अशी वाटणी सहज होते. मग शाळा जुन्या जातीच्याच चाकोरीला डांबर घालील. म्हणून पाबळचा नियम आपण तंतोतंत पाळावा: सर्वांनी सर्व कामे करायची. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलीने वेल्डिंग करावे आणि गाबिताच्या मुलाने रक्तगट तपासावा. त्यातून कोणाला काय आवडते हे कळेल, आणि पुढची वाट निवडायला दहावीच्या टक्केवारीपेक्षा चांगला आधार मिळेल.

तिसरी. हा मुंबई बंद करण्याचा कार्यक्रम नव्हे. ज्याला जायचे त्याने खुशाल जावे, परदेशीही जावे. आमचे म्हणणे एवढेच की जाणारा हातात काही कसब घेऊन जावा आणि राहणारा नाइलाजाने राहिलेला नसावा.

कारखान्याने काय करावे

आता सूचना. यातली एकही खर्चिक नाही.

एक, प्रत्येक गट कार्यालयाने आपल्या हद्दीतल्या एका माध्यमिक शाळेशी जोडून घ्यावे. शाळेजवळ दोन गुंठे जागा आणि पाणी असले की ऊस रोपवाटिका निघते. किनाऱ्यावरच्या काथ्याच्या कामातून निघणारा भुसा ट्रेमध्ये भरायला चालतो, तेही मुलांना कळेल. बेणे कारखान्याच्या मळ्यातून द्यावे, बेणेप्रक्रिया आमचे कर्मचारी मुलांसमोर करून दाखवतील. औषधाला हात मात्र मोठ्यांनीच लावायचा. रोपे सभासदांनी चालू दराने रोख विकत घ्यावीत. दया म्हणून घेऊ नयेत. वाईट असतील तर परत करावीत. नफ्याचा हिशेब मुलांनी फळ्यावर मांडावा.

दोन, माती परीक्षणाचे नमुने शाळेतल्या मुलांनी काढावेत आणि अहवाल आल्यावर तो त्या शेतकऱ्याला वाचून समजावून द्यावा. अनेक अहवाल आज घराच्या वाशाला खोचलेले दिसतात. वाचणारा मिळाला तर खताचा खर्च वाचेल.

तीन, हंगाम संपून दुरुस्तीची कामे सुरू झाली की नववी-दहावीच्या मुलांना कारखाना दाखवावा. चालू कारखान्यात आवाजाने काही ऐकू येत नाही. उघडलेला रोलर, बॉयलरच्या नळ्या, टर्बाइनची पाती हे सारे दुरुस्तीच्या दिवसांतच समजते. फिटर, पॅनवाला, केमिस्ट यांनी आपापले काम दहा-दहा मिनिटे सांगावे आणि पगार किती, शिक्षण काय लागले, हेही मोकळेपणाने सांगावे. यंत्राला हात लावण्याची वेळ पुढे, आय. टी. आय. झाल्यावर, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतल्या जाणाऱ्या उमेदवारांत ही पोरे दिसली तर आम्हांला आनंद होईल.

चार, ज्या सभासदाच्या हातात कला आहे, मग तो कलम बांधणारा असो, पंप दुरुस्त करणारा असो की दुभत्या जनावरांचा जाणकार असो, त्याने महिन्यातून एक दिवस शाळेला द्यावा. त्याला मानधन द्यावे. फुकट बोलावलेल्या माणसाचा मान राहत नाही.

पाच, वर्षअखेर मुलाला दाखला द्यावा, पण "हजर होता" असा नव्हे. "हा विद्यार्थी माती नमुना काढू शकतो, थ्री-फेज स्टार्टरची जोडणी ओळखतो, ट्रेमध्ये ८० टक्क्यांवर उगवण मिळवून दाखवली", असा स्पष्ट लिहावा. मालक माणसाला ठेवताना हेच विचारतो.

शाळांच्या बाजूनेही एक अट. एका शाळेत यंत्रे आली आणि "बिघडली तर जबाबदार कोण" या भीतीने खोक्यातच राहिली, असे आम्ही पाहिले आहे. नाव सांगण्याची गरज नाही. यंत्र वापरताना मोडले तर तो खर्च शिक्षणाचा समजावा. खोक्यात गंजले तर मात्र ती उधळपट्टी. मुख्याध्यापकांच्या पाठीशी शाळा समितीने उभे राहावे आणि शाळा समितीत आपले सभासद आहेतच.

सहकाराची जी सात तत्त्वे आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९९५ साली मांडली, त्यांतले पाचवे तत्त्व शिक्षण, प्रशिक्षण व माहिती हे आहे. ऊस घालणे आणि बिल उचलणे एवढाच सहकार नव्हे. दरवर्षी उसाची नोंद द्यायला जे सभासद आमच्याकडे येतात त्यांच्यातले बहुतेक आता साठीच्या आसपासचे आहेत, हे आम्ही रोज पाहतो. त्यांच्यामागे सरीत कोण उतरणार, हा प्रश्न उताऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे. खोडव्याचे रान सांभाळले नाही तर पीक बसते. माणसांच्या बाबतीतही तसेच आहे.

हात फिरे तिथे लक्ष्मी फिरे, ही म्हण आपल्या आयाबायांनी घर सारवताना केली असेल. तिचा अर्थ शाळेच्या कार्यशाळेत नेऊन पोचवायचा आहे. येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा, अशी आमची मा. संचालक मंडळास नम्र विनंती आहे. तोवर ज्या सभासदांना आपल्या गावच्या शाळेत रोपवाटिका सुरू करावीशी वाटते, त्यांनी मुख्याध्यापकांना सोबत घेऊन गट कार्यालयात यावे. सोमवार ते शनिवार, सकाळी दहापर्यंत आम्ही भेटतो. त्यानंतर रानात असतो. पहिले बेणे कोणत्या मळ्यातून द्यायचे, हे आम्ही ठरवून ठेवले आहे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते